झाकणाच्या आत लिहिलेल्या तारखा

खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेला स्टार्टर मामांच्या टेबलावर आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले असतील. डिसेंबर, म्हणजे हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायचे दिवस. या दिवसांत परतूरच्या मोंढ्याजवळच्या मामांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. भिंतीला टेकून उभ्या पाणबुडी मोटारी, जळक्या तांब्याच्या तारांचा ढीग, वार्निशचा वास आणि या सगळ्याच्या मधोमध लाकडी स्टुलावर मामा. मी पुण्याहून चार दिवसांसाठी आले होते. आईने दिलेले डिंकाचे लाडू पोचवायचे आणि परतायचं, एवढाच बेत होता.

मामांनी स्क्रू काढले, झाकण उचललं आणि काही न बोलता डबा माझ्याकडे वळवला. आत एक पाल होती. दोन पॉइंटांच्या मध्ये अडकून पार कोळसा झालेली.

"ऊब शोधत येतात," मामा म्हणाले. "कॉइल गरम असते ना. तिला काय माहीत चारशे पंधरा व्होल्ट."

माझं लक्ष मात्र मामांनी बाजूला ठेवलेल्या झाकणाकडे गेलं होतं. आतल्या बाजूला, पेचकसाच्या टोकाने ओरखडून, चार तारखा लिहिलेल्या होत्या. ६-२-०४. १९-११-११. ३-१-१७. २२-६-२१. अक्षर मामांचंच.

"हे काय?"

"दुरुस्तीची तारीख. वही हरवते, झाकण हरवत नाही."

"म्हणजे एकवीस वर्षांत चार वेळा! आणि त्याच्या आधी किती वर्षं चालला कोण जाणे. मामा, याला म्हणतात डिझाइन."

मामांनी चिमट्याने पाल उचलली, कागदात गुंडाळली. "चार वेळा ह्या माणसाचं पाणी थांबलं," ते म्हणाले. "तसंही वाचता येतं ते."

दारातल्या बाकावर बसलेला माणूस, ज्याचा तो स्टार्टर होता, हसला. सातोन्याकडून आला होता. तो कुणाच्या बाजूने हसला ते मला कळलं नाही.

इथून पुढचा वाद दुपारच्या चहापर्यंत चालला. मी हरले असं मला वाटत नाही, पण जिंकले असंही नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

आधी माझी बाजू सांगते. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. सर्किट बोर्ड डिझाइन करणं हा माझा धंदा, आणि त्या धंद्यातलं सगळ्यात नकोसं पत्र म्हणजे ‘अमुक आयसी आता बंद होत आहे, शेवटची ऑर्डर अमुक तारखेपर्यंत द्या’. दोन-तीन वर्षांत एक तरी येतंच. मग चालतं-बोलतं, बाजारात नीट विकलं जाणारं डिझाइन पुन्हा उघडायचं, त्या एका आयसीसाठी अर्धा बोर्ड बदलायचा, सगळ्या चाचण्या परत करायच्या. त्यामुळे वर्षानुवर्षं न बदलता निघत राहणाऱ्या वस्तूंबद्दल मला जवळजवळ भक्तिभाव आहे. मनगटावरचं माझं घड्याळ कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू आहे. १९८९ साली आलं, म्हणजे माझ्याहून मोठं. तेच चौकोनी तोंड, तोच एकवीस ग्रॅमचा जीव, आणि आजही दुकानात नवंकोरं मिळतं.

"हे बघा मामा," मी मनगट पुढे केलं. "काढणाऱ्याने पहिल्या झटक्यात बरोबर काढलं, म्हणून पस्तीस वर्षं बदलावं लागलं नाही."

"तुला कोणी दुसरं घड्याळ घ्यायला बंदी केली होती का?"

"नाही. हवं ते घेता आलं असतं."

"मग तुझ्या घड्याळाची गोष्ट वेगळी. तुझ्या आजोबांच्या स्कूटरची ऐक."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी मामा ती दरवेळी नव्याने सांगतात. आजोबा शाळामास्तर. त्यांनी अनामत भरून स्कूटरचा नंबर लावला तेव्हा मामा सातवीत होते. स्कूटर दारात आली तेव्हा मामांचं आयटीआय संपलं होतं.

"आठ वर्षं! आठ वर्षांत आबांचे गुडघे गेले. किक मारायला मला बोलवायचे. आणि आली ती काय? आठ वर्षांपूर्वी जी बघून पैसे भरले होते तीच. तोच हँडल, तेच गिअर, तसाच प्लग काळा होणार. काहून बदलतील? रांगेत माणसं उभीच होती की. पोरी, तू म्हणतेस काढणाऱ्याने बरोबर काढलं. आमच्या वेळी विकणाऱ्याला नवं काढायची गरजच नव्हती."

मामांचं बोलणं आकड्यांनी खरं ठरतं, हे मला कबूल करावं लागलं. त्या काळात कारखान्याने वर्षाला किती नग काढायचे हेसुद्धा सरकारी परवान्यात लिहिलेलं असे, आणि त्याहून जास्त काढणं हा गुन्हा. आकुर्डीची चेतक १९७२ ला आली आणि २००६ च्या सुमारास थांबली. कुर्ल्याला १९६४ पासून निघणारी फियाट पुढे १९७४ च्या आसपास पद्मिनी झाली, नाव बदललं आणि अंगकाठी तीच राहिली, ते थेट दोन हजार सालाच्या सुमारापर्यंत. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी तर २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीला उतरली. बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबेसिडर १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिकडे ती कधीच विस्मरणात गेली आणि इकडे आपण तिला साहेबाची गाडी म्हणून सलाम ठोकत राहिलो.

"हां," मामा म्हणाले. "ह्यातली प्रत्येक गाडी आता लोक फोटो काढून भिंतीला लावतात. भिंतीला लावणारे लोक रांगेत उभे नव्हते."

मला हे लागलं, कारण पुण्यातल्या माझ्या भिंतीवर पद्मिनीचं एक चित्र आहे. ते मी मामांना सांगितलं नाही.

"बरं," मी म्हटलं, "मग एक कसोटी लावू. एक्क्याण्णव साली दार उघडलं. बाहेरचं येऊ लागलं, कुणालाही काहीही काढायची मोकळीक मिळाली. दार बंद होतं म्हणून जे टिकलं ते त्यानंतर गेलं. स्कूटर गेली, पद्मिनी गेली, गोदरेजचा टाइपरायटर २००९ ला गेला. पण दार उघडं असताना जे टिकून आहे, त्याचं काय? हा तुमच्या टेबलावरचा डबा. बाजारात दहा कंपन्यांचे स्टार्टर आहेत, परदेशातले आहेत, इलेक्ट्रॉनिक आहेत. तरी शेतकरी येऊन हाच मागतो."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. काळे पडलेले पॉइंट ते कानसेने हलकेच घासून बघत होते.

या डब्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण महाराष्ट्रात विहीर असलेल्या प्रत्येकाने तो बघितलेला असतो आणि जवळजवळ कुणीच तो उघडून बघितलेला नसतो. एक हिरवं बटण, एक लाल. लार्सन अँड टुब्रोचा एमके-वन म्हणून जो स्टार्टर ओळखला जातो, तो किंवा त्याच्या तोंडावळ्याचा. (ती कंपनी १९३८ साली दोन डॅनिश माणसांनी मुंबईत काढली. तिचा हा विजेच्या सामानाचा धंदा २०२० ला फ्रान्सच्या श्नायडरने घेतला आणि २०२४ पासून तो लॉरित्झ नुडसन या नावाने चालतो. मोंढ्यात मात्र अजून कुणी हे नाव घेताना मी ऐकलं नाही, तिथे ‘एलएनटी’च.) आत तीन गोष्टी. एक कॉइल: हिरवं बटण दाबलं की तिच्यात चुंबक जागा होतो आणि तीन पॉइंट एकदम खाली ओढतो, खट्. दुसरी गोष्ट तीन फेजांच्या तीन पट्ट्या, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेल्या. मोटारीने जास्त अँपिअर ओढले की पट्टी तापते. एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि खटका पाडते. पाच एचपीची मोटार नीट चालली तर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. एखादा फेज गेला की उरलेल्या दोन तारांतून पावणेदोन पट ओढू लागते. ते पट्टीला आपोआप कळतं. आयसी नाही, प्रोग्रॅम नाही, फक्त ऊब.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्याचं शहाणपण: वीज गेली की कॉइल सुटते, पॉइंट वर जातात, आणि वीज परत आली तरी तो आपणहून सुरू होत नाही. माणसाने येऊन हिरवं बटण दाबायलाच हवं.

"ते शहाणपण म्हणतेस तू," मामा म्हणाले. कानस त्यांनी खाली ठेवली होती. "भाऊ, ह्यांना सांगा बरं रात्रीच्या लाइटीचं."

बाकावरचा माणूस सावरून बसला. "ताई, आमच्या फीडरला आठवड्यातले काही दिवस दिवसा लाइट, काही दिवस रात्री. रात्री बाराला येती. मधी झटका घेती, जाती, पुन्हा येती. एक डाव बटण दाबून खाटेवर टेकलो की गेली. पुन्हा उठ, पुन्हा बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत चाल. मागच्या साली असंच बटण दाबायला गेलो, तर पेटीच्या खालीच नाग. थंडीचा तोही ऊबच बघत होता."

"आता सांग," मामा माझ्याकडे वळले. "तुझ्या डब्याचं शहाणपण कोणाच्या जिवावर?"

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. वस्तू किती वर्षं टिकली हे मी मोजत होते. तिच्यापायी माणूस रात्री किती वेळा उठला हे त्या झाकणावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मामांनी खणातून एक छोटी प्लास्टिकची पेटी काढली. "म्हणून हे आलं. ऑटो. लाइट आली की हेच हिरवं बटण दाबतं. माणूस घरी झोपतो. आता तर मोबाइलवालं पण आहे, मिस कॉल दिला की मोटार सुरू. मी स्वतः शंभर-दीडशे बसवले असतील. जुन्याची एवढी पूजा असती तर हे निघालं असतं का?"

मी ती पेटी उघडली. आणि मला हसू आलं.

"काय झालं?"

"मामा, हे बघा." आत रिले, दोन-चार रेझिस्टर, निळा कपॅसिटर, आणि मधोमध आठ पायांची काळी आयसी. वर आकडा कोरलेला: ५५५. "तुम्ही ज्याला नवीन म्हणता त्याच्या पोटात १९७१ सालची वस्तू आहे."

मग माझी पाळी होती आणि मी ती सोडली नाही. हान्स कामेनझिंड नावाच्या स्वित्झर्लंडच्या माणसाने ही काढली. अमेरिकेत सिग्नेटिक्स कंपनीत होता, नोकरी सोडून त्याच कंपनीसाठी कंत्राटावर काम घेतलं. त्या वेळी संगणकावर डिझाइन हा प्रकार नव्हता. आयसीचा प्रत्येक थर मोठ्या फिल्मवर हाताने कापून काढायचा. आधी नऊ पायांचं डिझाइन तयार झालं होतं, मग त्याच्या लक्षात आलं की एका जागी साधा रेझिस्टर टाकला तर एक पाय वाचतो आणि आठ पायांच्या स्वस्त पॅकमध्ये बसतं. १९७२ ला बाजारात आली. आत पाच-पाच हजार ओहमचे तीन रेझिस्टर एका ओळीत आहेत, म्हणून ५५५ नाव पडलं असं कॉलेजात शिकवतात. कामेनझिंड स्वतः म्हणत असे की आकडा कंपनीतल्या एका माणसाने असाच निवडला. तो २०१२ साली वारला. त्याची आयसी अजून तशीच निघते, जगात कितीतरी कंपन्या काढतात.

"करते काय ती?"

"टाकीसारखं समजा. कपॅसिटरमध्ये वीज थेंब-थेंब भरत राहायची. दोन तृतीयांश भरली की खटका. थेंब किती बारीक पाडायचा ते तुम्ही ह्या फिरकीने ठरवता, तेवढा उशीर लागतो. बस."

"एवढंच?"

"एवढंच. म्हणून तर टिकली. हिला मोटार माहीत नाही, शेत माहीत नाही. उशीर कसा मोजायचा एवढंच माहीत आहे, आणि उशीर सगळ्यांनाच लागतो."

मामांनी ती पेटी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. दीडशे बसवल्या पण कधी एवढं निरखून बघितलं नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं आता पारडं माझ्याकडे झुकलं. पण मामांचं मन दुसरीकडेच धावत होतं.

"ही फिरकी," ते म्हणाले. "ही कशाला असते ठाऊक आहे?"

"उशिरासाठी. लाइट आली की किती सेकंदांनी मोटार सुरू करायची."

"आणि उशीर कशाला?"

ते मला ठाऊक नव्हतं. इंजिनिअर असून.

"डीपीसाठी," मामा म्हणाले. "एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस-पंचवीस मोटारी. लाइट आली की सगळ्यांचे ऑटो एका दमात ओढणार. मोटार सुरू होताना पाच-सहा पट अँपिअर घेते. डीपी जळली की आठ-पंधरा दिवस कोणालाच पाणी नाही. म्हणून फिरकी दिली: तू दहा सेकंद ठेव, तुझा शेजारी वीस, त्याचा शेजारी तीस. एकामागून एक सुरू होतील. सगळ्यांचं भलं."

"मग झालं की."

"काय झालं? प्रत्येक जण फिरकी शून्यावर आणून ठेवतो. पहिलं पाणी माझं. तुझ्या जुन्या डब्यात हा घोळ नव्हता बघ. माणसं एकाच वेळी विहिरीवर पोचतच नव्हती. कोणी झोपेतून उशिरा उठायचा, कोणाचं शेत लांब. आळसानेच डीपी वाचायची."

म्हणजे ज्या बाजूने मी भांडत होते तिचा सगळ्यात चांगला मुद्दा मामांनीच मांडून दिला. वादात असं होतं. मामांना ते कळलंही असावं, कारण त्यांनी लगेच विषय फिरवला. "चहा सांग," ते बाहेरच्या पोराला म्हणाले.

चहा येईपर्यंत मोबाइलवर घसरलो. मामांचा आवडता फोन अजून नोकिया अकराशे: टॉर्च होता, धूळ जात नव्हती, पडला तर उचलायचा. २००३ ला आला, पंचवीस कोटींच्या वर खपला. म्हणजे ५५५ सोडली तर आम्ही बोललो त्या सगळ्या यंत्रांत सर्वांत जास्त खपलेलं हेच, आणि सहाच वर्षांत बंद. खपणं आणि टिकणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, एवढं त्यावरून मी काढलं. मामांनी त्यावरून काढलं ते वेगळं: "चांगल्या वस्तूची बॅटरी मिळेनाशी झाली की ती वाईट होते."

ह्याच धाग्यावर लिस्टर इंजिन आलं. मामांच्या लहानपणी वीज नसलेल्या गावांत विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीवर डिझेल इंजिन असायचं, मोठ्या चाकाचं, सावकाश फिरणारं. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ च्या सुमारास ते बाजारात आणलं आणि १९८७ ला बंद केलं. पण तोवर राजकोटच्या कारखानदारांनी ते जसंच्या तसं ओतायला घेतलं होतं. मूळ घर बंद झालं, राजकोट चालूच राहिलं.

"बघा," मी म्हटलं. "पद्मिनीला कारखाना एकच होता. तो थांबला, गाडी थांबली. लिस्टरला, ५५५ ला कोणी एक मालक उरला नाही. ज्याला जमेल त्याने काढावं. म्हणून मरण नाही."

"ज्याला जमेल त्याने काढावं!" मामांनी कप बशीत आदळला. "हे बोलणं तुला पुण्यात शोभतं. इथं बघ." टेबलाखालच्या डब्यातून त्यांनी एक कॉइल काढली. नवी दिसत होती, पण एका बाजूने प्लास्टिक वितळून फुगलं होतं. "डुप्लिकेट. खोक्यावर सगळं अस्सलसारखं. आत तार बारीक. दोन महिने चालली. ज्याला जमेल तो काढतो, ज्याला जमत नाही तोही काढतो. शेतकऱ्याला काय कळणार? शिव्या मिस्तरीला."

"मग अस्सल कशी ओळखता?"

"वजनाने. तांब्याला लबाडी जमत नाही."

मला ते वाक्य आवडलं, पण आवडलं म्हणून वादाचा निकाल लागत नव्हता. उलट प्रश्न आणखी अवघड झाला होता. जी वस्तू सगळे काढतात तिचे भाग सगळीकडे मिळतात, आणि सगळीकडे मिळतात म्हणूनच त्यातले निम्मे खोटे असतात. एकाच मालकाची वस्तू खरी असते आणि एक दिवस मिळेनाशी होते. माझ्या धंद्यात आम्ही दुसऱ्या संकटाला घाबरतो. मामा आयुष्यभर पहिल्याशी झुंजत आलेत.

"जा," मामा म्हणाले, "समोर त्या दुकानातून ह्या स्टार्टरसाठी नवी कॉइल घेऊन ये. तराजू तुझ्या हातात आहे."

मी गेले. एका इंजिनिअरला सुटा भाग आणायला पाठवलं की ती आधी मॉडेल नंबर लिहून घेते. मी जुन्या कॉइलचा फोटो काढून, त्यावरचं पुसट अक्षर मोठं करून तयारीने गेले. दुकानदाराने फोटोकडे बघितलंही नाही. विचारलं, "तीन फेज ना?" मी हो म्हटलं. त्याने मागे न वळता हात मागे नेला आणि फळीवरून कॉइल काढून दिली. पुण्यात याच दर्जाच्या एखाद्या सेन्सरसाठी मी तेरा आठवडे थांबलेली आहे. मी कॉइल हातात घेऊन वजन अजमावलं, जणू मला कळणार होतं.

परत आले तेव्हा बाकावरचा माणूस मामांना वेगळंच विचारत होता. धाकट्या भावाच्या वाटणीच्या रानात विहीर आहे, वीज नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ मध्ये अर्ज करावा का? दहा टक्के भरले की बाकी सरकारचं. रान चार एकर, म्हणजे पाच एचपीचा पंप.

"कर," मामा म्हणाले. "डोळे झाकून कर. दिवसा पाणी. रात्री उठणं नाही, बिल नाही, डीपी नाही."

मी स्वतःला आवरू शकले नाही. "पण मामा, तो कंट्रोलर! आत सगळं इलेक्ट्रॉनिक. उन्हाप्रमाणे मोटारीचा वेग कमी-जास्त करतो, मी असलेच बोर्ड काढते म्हणून सांगते. तो बिघडला तर तुम्ही उघडू शकणार नाही. मोंढ्यात फळीवर त्याचा भाग मिळणार नाही."

"पाच वर्षं दुरुस्ती त्यांची."

"आणि सहाव्या वर्षी?"

"सहाव्या वर्षी तू आहेस की," मामा म्हणाले. चेष्टेने म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. कॉइल बसवण्यात मान खाली होती. "तू असा बोर्ड काढ की मला उघडता येईल. मग मी तुझी पूजा करतो. नुसतं जुन्याला नमस्कार करून काय होणार? ज्याने हा डबा काढला त्याने आपल्या आधीच्याची पूजा केली असती तर आबांच्या काळातला चाकूवाला स्विचच राहिला असता."

याचं उत्तर मला त्या दुकानात सुचलं नाही, आणि गाडीत परतताना सुचलं ते असं: माझ्या कंपनीत कोणीही मला ‘परतूरच्या मिस्तरीला उघडता येईल असा’ बोर्ड काढ म्हणून सांगितलेलं नाही. स्वस्त हवा, लहान हवा, पाणी शिरू नये म्हणून राळ ओतून बंद करून टाकलेला हवा. राळेच्या आत तारीख लिहिता येत नाही.

पण ते नंतरचं. त्या वेळी मामांनी स्टार्टर बोर्डाला जोडला, हिरवं बटण दाबलं. खट्. आवाज कोरडा, एकदाच, कुठे घुरघुर नाही. मामांनी कान लावून ऐकला आणि मान डोलावली. मग मला म्हणाले, "ऑटो पण त्याचाच आहे. तुझी पाचशे पंचावन्न तूच लाव."

मी लावली. फिरकी हाताशी होती. मघाची डीपीची गोष्ट डोक्यात ताजी. मी घड्याळ लावून बघत बघत उशीर बरोबर चाळीस सेकंदांवर आणला. एका डीपीवरच्या वीस-पंचवीस जणांत कोणीतरी चाळीसवर असायलाच हवा. मामांनी बघितलं, काही बोलले नाहीत. झाकणाच्या आत पाचवी तारीख ओरखडली, पैसे घेतले.

त्या माणसाने सगळं पुन्हा गोणीत गुंडाळायच्या आधी ऑटोची पेटी हातात घेतली. "ताई, टाइम किती ठेवला?"

"चाळीस सेकंद," मी म्हटलं, आणि का ते सांगू लागले.

त्याने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं, मधूनमधून हां-हां केलं. मग टेबलावरचा मामांचा पेचकस उचलला, फिरकी शून्यावर नेली, पेचकस जागेवर ठेवला आणि राम राम करून निघाला.